आईचा व्यवसाय : स्वयंपाक

मुलीच्या शाळेचा फॉर्म दरवर्षी जूनमध्ये घरी यायचा. नाव, पत्ता, जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय आणि त्याच्या खाली 'आईचा व्यवसाय'. वर्षानुवर्षं मी त्या रकान्यात 'गृहिणी' असं लिहीत आले. तसं ते खोटं नव्हतं. घरचं सगळं मीच करत होते. पण २०१२ च्या दिवाळीनंतर मी लातूरच्या ट्यूशन एरियातल्या एका खानावळीत कामाला जात होते. दोन्ही वेळचं मिळून रोज दीडशेच्या वर भाकरी थापत होते. तरी पेन त्या रकान्यापाशी आला की हात आपोआप 'गृहिणी' लिहून मोकळा व्हायचा.

मैत्रिणींनो, तुमच्यातल्या कितीतरी जणी असंच लिहीत असतील. कुणी ब्लाऊज शिवून देते, कुणी उन्हाळ्यात पापड-कुरडया करून विकते, कुणी चार घरचे डबे करते. पण कुणी विचारलं की आपण म्हणतो, 'छे हो, मी घरीच असते.' मी असं का म्हणत होते, आणि ते म्हणणं कधी सोडलं, तेच आज सांगायचं आहे.

माझं माहेर नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातलं. घरी कोरडवाहू शेत, रब्बीची ज्वारी. आईनं मला आठव्या वर्षी काठवटीपाशी बसवलं. पहिली भाकर नकाशासारखी झाली होती! आई हसली नाही. म्हणाली, "गोल नसली तरी चालंल, पण फुगली पाहिजे. फुगलेली भाकर आतून शिजलेली असते." ते वाक्य मी अजून विसरले नाही.

माळेगावच्या जत्रेला किंवा दवाखान्याच्या कामाला नांदेडच्या बाजूला गेलो की आई गुरुद्वाऱ्यात न्यायची. गुरू गोविंदसिंगजींचं अखेरचं वास्तव्य नांदेडचं. १७०८ साली इथंच त्यांनी ग्रंथसाहिबाला गुरुगादी दिली. देशोदेशीचे लोक तिथं येतात, आणि आलेला प्रत्येक जण लंगरच्या पंगतीत जमिनीवर बसून जेवतो. मला मात्र पंगतीपेक्षा आतलं स्वयंपाकघर बघायला आवडायचं. पगडीवाले धिप्पाड पुरुष कणीक मळताहेत, पोळ्या शेकताहेत, बाजूला बाया लाटताहेत, कुणी म्हातारे गृहस्थ कांदे चिरताहेत. मी आईला विचारलं होतं, "हे बाप्ये घरी पण सैपाक करतात का गं?" आई म्हणाली, "घरचं काय माहीत बाई! हितं सेवा हाय, म्हणून करतात." पुरुषानं केला की त्याच कामाला मोठं नाव मिळतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते कळायला लातूरला यावं लागलं.

सासर अहमदपूर तालुक्यातलं. मुलांच्या शाळेसाठी २०११ साली आम्ही लातूरला आलो. मिस्टर एका दालमिलमध्ये हमालीला होते. २०१२ मध्ये पोतं उचलताना त्यांच्या कमरेत उसण भरली ती निघेचना. डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली. त्यात ते वर्ष दुष्काळाचं, गावाकडून ज्वारीचं पोतं येण्याची आशा नव्हती. घरभाडं आणि दोन लेकरांची फी समोर होती. गल्लीतल्या एका काकूंनी सांगितलं, "पोरांच्या मेसमध्ये भाकरीला बाई पाहिजे म्हणलालेत. जाशील का?"

जायच्या आदल्या रात्री सासूबाई गप्प होत्या. मग म्हणाल्या, "लोकांच्या पोरांना रांधून घालायचं, अन् पैसे घ्यायचे?" त्यांच्या मनात अपमान नव्हता, नवल होतं. रांधणं म्हणजे बाईनं द्यायची गोष्ट, विकायची नव्हे, असं त्यांना वाटायचं. मलाही वाटायचंच की! म्हणूनच पहिल्या महिन्याचे अडीच हजार रुपये हातात घेताना मी मान खाली घातली होती.

पोरांचं गाव

लातूरच्या बाहेरच्या मैत्रिणींना थोडं सांगते. आमच्या गावाला गंजगोलाई आहे, डाळींची मोठी बाजारपेठ आहे, पण बाहेर नाव झालं ते 'लातूर पॅटर्न'मुळे. राजर्षी शाहू, दयानंद अशा कॉलेजांनी बारावीच्या निकालात नाव काढलं, आणि महाराष्ट्रभरातून पोरं इथं शिकायला येऊ लागली. डॉक्टर, इंजिनियर व्हायचं म्हणून पंधरा-सोळा वर्षांची लेकरं घर सोडून येतात. एका खोलीत तीन-चार जण राहतात. त्यांच्या मागोमाग होस्टेलं आली, झेरॉक्सची दुकानं आली, आणि घरोघरी मेस आल्या. नांदेडलाही आता तसंच आहे. या पोरांच्या अभ्यासावर मोठमोठे फलक लागतात, पण त्यांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या बायांची नोंद कुठं नसते.

आमची खानावळ म्हणजे एका घराचा तळमजला. पत्र्याच्या शेडमध्ये स्वयंपाक, पुढच्या दोन खोल्यांत टेबलं. मालकीणबाईंना आम्ही वहिनी म्हणायचो. नवऱ्याच्या मागे त्यांनी ही मेस काढली होती. भाजी-वरणाला एक आचारी, त्यांना सगळे 'महाराज' म्हणायचे. पोळ्यांना दोन बाया, भांड्याला दोघी, आणि भाकरीला मी. माझं नाव पडलं 'भाकरीवाली मावशी'. महाराजांना सात हजार, मला अडीच. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. ते महाराज, मी बाई!

शंभर माणसांचं मीठ

घरी स्वयंपाक येतो म्हणजे खानावळीचा येतो, असं समजू नका. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. गव्हाच्या कणकेत ग्लुटेनची जाळी धरते, ज्वारीत ती नाही. म्हणून आधणाचं कढत पाणी घालून पीठ मळायचं, तळहाताच्या टाचेनं रगडायचं. दळण जुनं झालं की पिठाची विरी जाते आणि भाकर कडेनं चिरते. घरी चार भाकरी चिरल्या तर चालून जातं, इथं पंगत खोळंबते. मी वहिनींना पहिल्याच आठवड्यात सांगितलं की पंधरा दिवसांचं दळण एकदम आणू नका, चार दिवसांचं आणा. किलोभर पिठात माझ्या हातच्या आठ-नऊ भाकरी होतात. दोन तवे लावायचे. एकावर भाकर टाकून पाण्याचा हात फिरवायचा, ती उलटेपर्यंत दुसरी थापून तयार, तिसरी जाळावर फुगायला. एकदा लय सापडली की हात चालत राहतो. तीन महिन्यांत उजवं मनगट सुजलं. मग कळलं, खांद्यातून थापायचं, मनगटातून नाही. आणि ओटा कमरेच्या थोडा खाली पाहिजे. तोपर्यंत मी उंच ओट्यापाशी टाचा उचलून उभी राहत होते. शेवटी पायाखाली लाकडी पाट घेतला.

भाजी मी महाराजांकडे बघून शिकले. ते काही शिकवायचे नाहीत, पण डोळे कोण बंद करणार? चार माणसांच्या भाजीला जेवढं तिखट-गरम मसाला लागतो, त्याच्या पंचवीस पट शंभर माणसांना घालायचा नसतो. कमीच घालायचा, मग चव घ्यायची. मीठ दोनदा घालायचं, आधी अंदाजाच्या पाऊणपट, उरलेलं शेवटी. शंभर पोरांच्या पातळ वरणाला तीन-साडेतीन किलो तूरडाळ. येसराची आमटी असली की भाकरी जास्त जातात, बटाटा असला की पोळ्या जास्त. पेपरच्या आदल्या रात्री पोरं जेवतच नाहीत, म्हणून त्या दिवशी दहीभात वेगळा काढून ठेवायचा. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, मी घरी आल्यावर मुलीच्या जुन्या वहीत लिहून ठेवायचे.

माझी चूक

चांगलंच तेवढं सांगितलं तर लेख खोटा होईल. २०१४ चा उन्हाळा. पोरांच्या प्रवेश परीक्षेचा आधीचा आठवडा. महाराज सुट्टीवर होते आणि मी पहिल्यांदाच सगळं बघत होते. रात्री मोठं पातेलंभर भात उरला. अन्न टाकायचं माझ्या जिवावर आलं. पातेलं तसंच झाकून ठेवलं आणि सकाळी फोडणीचा भात केला. वासही आला नव्हता. दुपारपर्यंत पाच पोरांना उलट्या सुरू झाल्या. त्यातलं एक पोरगं परभणीचं होतं, दोन सलाईन लागल्या. त्याची आई एसटीनं आली. मला वाटलं, आता ही माउली मला बोल बोल बोलणार. ती माझ्यासमोर बसली आणि एवढंच म्हणाली, "तुमच्या भरवशावर ठेवलंय हो मावशी."

त्या रात्री मला झोप आली नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावून सांगितलं. शिजवलेला भात तासन् तास उबदार राहिला की त्यात जंतू वाढतात, त्यांचं विष पुन्हा तापवूनही जात नाही. घरी वाटीभर भात लवकर निवतो. मोठ्या पातेल्याचा गाभा पहाटेपर्यंत कोमट असतो. उरलाच तर परातीत पसरून लगेच गार करून फ्रिजमध्ये, नाहीतर सरळ जनावरांना. तेव्हापासून आमच्याकडे रात्रीचा भात सकाळी कधी शिजला नाही. पोरगं परीक्षेला बसलं, हे माझं नशीब. पण मला कळलं की हे काम 'घरच्यासारखं' नाही. घरी चूक झाली तर घरचे समजून घेतात. इथं दुसऱ्याच्या लेकरांची जबाबदारी आपल्या हातात असते. जबाबदारी एवढी असेल, तर ते काम लहान कसं?

पाण्याचं आणि टाळेबंदीचं साल

२०१६ चा उन्हाळा लातूरची बाई विसरणार नाही. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिण्यांत पाच लाख लिटर. सगळे रेल्वेचे फोटो काढत होते, आम्ही खानावळीत ताटं कशी धुवायची या फिकिरीत होतो. शेवटी पत्रावळ्या आणल्या. पालेभाजी बंद केली, कारण ती निवडून तीन पाण्यांत धुवावी लागते. डाळीचं धुवण फेकायचं नाही, त्यानंच फरशी पुसायची. भात वेळायचा नाही, मोजून पाणी घालून शिजवायचा. टँकर रात्री एकला यायचा तेव्हा मी आणि वहिनी पाइप धरून उभ्या असायचो. त्या उन्हाळ्यात आमचं नातं मालकीण आणि बाई एवढंच राहिलं नाही.

मग मार्च २०२० आलं. दोन दिवसांत पोरं गावी गेली. खानावळीला कुलूप. पगार नाही, वहिनींचं तरी काय उत्पन्न होतं? त्या काळात मला शिवभोजन थाळीच्या एका केंद्रावर काम मिळालं. ही योजना २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली होती. दोन पोळ्या, वाटीभर भाजी, वरण आणि मूदभर भात, दहा रुपयांत. टाळेबंदीत ती थाळी पाच रुपयांना केली होती. रांगेत हमाल होते, रिक्षावाले होते, आणि एकदा आमच्याच गल्लीतले एक मास्तर तोंडाला रुमाल बांधून उभे होते. मी ओळख दाखवली नाही. भात मात्र जरा जास्त वाढला. बाहेर सगळं बंद असताना आमच्या स्वयंपाकाला 'अत्यावश्यक सेवा' म्हणत होते. मुलीनं विचारलं, "आई, मग तुझं काम महत्त्वाचंच आहे ना?" मी नुसती हसले.

महाराज गेले

आता मुख्य गोष्ट. फेब्रुवारी २०२३. बारावीचा बोर्डाचा पेपर २१ तारखेला सुरू होणार, माझी मुलगीही त्यातच. आणि आठवडाभर आधी महाराज दुसरीकडे जास्त पगार मिळाला म्हणून निघून गेले. मेसमध्ये एकशे दहा पोरं. वहिनी रडकुंडीला आल्या. मी म्हटलं, "मी बघते." पहाटे चारला उठून घरचं आवरायचं, मुलीला दूध देऊन साडेपाचला मेसवर. भाजी मी, वरण मी, आमटी मी; भाकरीला शेजारच्या एका पोरीला हाताशी घेतलं. महिनाभर एकही पंगत खोळंबली नाही. पोरं म्हणायची, "मावशी, महाराज नाही आले तरी चालंल!"

पेपर संपले. महिन्याचा पगार झाला. माझ्या हातात नेहमीचे साडेआठ हजार. आणि वहिनी म्हणाल्या, "नवा आचारी बघितलाय, अठरा हजार म्हणतोय. चार दिवस त्याला आपली चव दाखवून दे बरं का अक्का."

मी पैसे मोजले, पदरात बांधले आणि विचारलं, "वहिनी, मी दाखवायची तर मलाच का नको?" त्या गडबडल्या. म्हणाल्या, "तसं नाही गं. पण बाईला एवढा पगार कोण देतंय?" बोलणाऱ्या त्या स्वतः बाईच! मला राग नाही आला, वाईट वाटलं. मी दुसऱ्या दिवसापासून गेले नाही.

पहिले दोन दिवस कुणी आलं नाही. सिनेमात येतात तशी पोरं दारात आली नाहीत, त्यांचे क्लास होते. घरात मिस्टर म्हणाले, "कशाला ताणतीस? आहे ते पण जाईल." भाड्याची तारीख जवळ आली होती. खरं सांगते, मी घाबरले होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी आल्या, कोठीच्या खोलीची किल्ली माझ्याकडे राहिली होती ती न्यायला. किल्ली दिली, चहा टाकला. मग मुलीची ती जुनी वही पुढे ठेवली. महिनाभराचा हिशोब त्यात होता. रोज किती पोरं जेवली, किती किलो पीठ, डाळ, तेल, माळवं लागलं, किती उरलं. महाराजांच्या काळापेक्षा तेल कमी लागलं होतं, आणि टाकून दिलेलं अन्न जवळजवळ नव्हतंच. वहिनींनी पान न् पान बघितलं. मग त्यांनीही आपला हिशोब सांगितला. जागेचं भाडं, गॅस, बाजार, सहा जणांचे पगार, आणि पैसे बुडवून गावी जाणारी पोरं. अठरा हजार त्यांना आचाऱ्यालाही जड जाणार होते.

चौदा हजारांवर ठरलं. वर्षाला हजाराची वाढ, आणि येळवसेची पगारी सुट्टी. आमच्याकडे येळवसेला शेतात भज्जी, आंबिल, उंडे असतात, सगळं गाव रानात जेवतं. दहा वर्षं मी त्या दिवशी मेसमध्ये भाकरी थापत होते. महाराजांएवढा पगार मिळाला नाही, हे खरं. पण मागितलं नसतं तर साडेआठावरच राहिले असते, हेही खरं. १९७६ सालीच आपल्या देशात समान कामाला समान वेतनाचा कायदा झाला होता. पण कायदा आपण होऊन स्वयंपाकघरात येत नाही, त्याला कुणीतरी बोलवून आणावं लागतं.

तेव्हा मला मुंबईच्या प्रेमाताई पुरवांची गोष्ट माहीत नव्हती, नंतर वाचनात आली. गिरणगावात कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बाया होत्या. महिनाभर उधारीवर जेवू घालायचं आणि किराणासाठी सावकाराकडं दागिने ठेवायचे. प्रेमाताईंनी १९७५ साली या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. २००२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी बायांना स्वयंपाक शिकवला नाही, तो येतच होता. स्वयंपाक हा धंदा आहे, त्याला भांडवल लागतं आणि त्याला पत आहे, हे त्यांनी बँकेला आणि बायांनाही पटवलं.

घडीची भाकर

आता एक गमतीची गोष्ट. आमच्याकडे जेवून गेलेला एक पोरगा पुण्याला शिकून परत भेटायला आला. म्हणाला, "मावशी, तिकडं टाको मिळतो. मक्याच्या छोट्या भाकरीत भाजी घालून घडी करायची, वर कांदा, कोथिंबीर, लिंबू अन् चटणी." मी म्हटलं, "अरे, ही तर आमची शेतात न्यायची भाकर!" सासूबाई तर पोटभर हसल्या. भाकरीवर झुणका नि ठेचा ठेवून घडी घालून फडक्यात बांधून न्यायची, हे त्यांनी जन्मभर केलेलं.

त्या पोरानं मोबाइलवर दाखवलं. मेक्सिको देशात बाया मका चुन्याच्या पाण्यात उकळून भिजत ठेवतात, मग धुऊन वाटतात आणि त्याची पातळ भाकर करतात, तिला तोर्तिया म्हणतात. चुन्यामुळे मक्याचं साल सुटतं, पीठ चांगलं मिळून येतं आणि अंगालाही जास्त लागतं. २०१० साली युनेस्कोनं मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला जगाच्या वारशाच्या यादीत घेतलं. पण मला त्यातलं एक चित्र जास्त लक्षात राहिलं. गाड्यावर सुरी घेऊन टाको बांधून देणारा होता पुरुष, आणि मागे बसून भाकरी थापणारी होती बाई. म्हटलं, घ्या! तिकडेही महाराज आणि भाकरीवाली आहेतच.

आम्ही करून बघितलं. ज्वारीची भाकर गार झाली की घडी घालताना मोडते. मग मी पिठाची उकड काढली, तळहाताएवढ्या पातळ भाकरी केल्या आणि तव्यावरून काढल्या काढल्या घडी घालून फडक्यात झाकल्या. आत मटकीची कोरडी उसळ किंवा झुणका, वर कच्चा कांदा, लिंबू, हिरवा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. २०२३ हे साल जगभर भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं झालं, पोरांच्या तोंडी 'मिलेट, मिलेट' होतंच. वहिनींनी फळ्यावर लिहिलं, 'भाकरीचा टाको, दोन नग चाळीस रुपये'. संध्याकाळी पाच ते सात, पोरं क्लासवरून सुटायच्या वेळेला. आता गल्लीतले लोकही येऊन बाकड्यावर बसतात. म्हातारे आजोबा मागतात तेव्हा म्हणतात, "ते घडीची भाकर द्या की." दोन्ही नावं चालतात.

जाता जाता

ज्या मैत्रिणी स्वयंपाकाचं काम करतात किंवा करू बघतात, त्यांना अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. काम धरताना तास, पगार आणि सुट्टी आधी बोलून घ्या. 'बघू नंतर' म्हटलं की ते नंतर येत नाही. खाडे आणि जादा काम कॅलेंडरवर लिहून ठेवा. हॉटेल-खानावळीच्या कामाला सरकारनं किमान वेतन ठरवलेलं असतं, कामगार कार्यालयात जाऊन आकडा विचारा. ई-श्रम कार्ड काढून ठेवा, २०२१ पासून असंघटित कामगारांची ती नोंदणी सुरू झाली आहे. स्वतःचे डबे किंवा मेस काढायची असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी करा, आणि घरगुती लाल सिलिंडर धंद्याला वापरू नका. त्याला १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडर लागतं. आणि एक वही ठेवा. माझ्या बाजूनं बोलली ती वहीच.

ऑगस्ट २०२३ मध्ये मुलीला नांदेडला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फॉर्म भरायला आम्ही दोघी गेलो. तिनं पेन माझ्या हातात दिलं आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं. मी थोडा वेळ थांबले. मागे रांग होती, खिडकीतला कारकून घाई करत होता. मी लिहिलं, 'स्वयंपाक'. कारकुनानं वाचून विचारलं, "म्हणजे गृहिणी का?"

"नाही," मुलगी म्हणाली, "मेसमध्ये. ती मुख्य आचारी आहे."

त्यानं बरं म्हणून शिक्का मारला. परतीच्या एसटीत माझ्या मनात उद्याच्या मटकीचा विचार होता. ती भिजत घालायची राहिली होती. उतरल्यावर घरी न जाता आधी मेसवर गेले.